एसडीएल वापरताय? मग हे आधी वाचा

मुलांसाठी केलेला मराठी अक्षरओळखीचा एक गेम विंडोजवर व्यवस्थित चालत होता. तो अँड्रॉइडवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. 'एसडीएलमध्येच आहे, आठवड्यात होईल,' असं सांगून ते माझ्या गळ्यात मारलं गेलं. ते आठवड्यात झालं नाही. का झालं नाही ते ऐका, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

एसडीएल, म्हणजे सिंपल डायरेक्टमीडिया लेयर, ही सॅम लँटिंगा यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली, सी भाषेतली मुक्त लायब्ररी. विंडो उघडणं, चित्र आणि आवाज, कीबोर्ड, टच, गेमपॅड हे सगळं ती विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोनवर एकाच पद्धतीनं हाताळू देते. दुसऱ्या आवृत्तीपासून तिला झीलिब परवाना आहे. त्यामुळे विकायच्या गेममध्येही ती बिनधास्त वापरता येते, आपला कोड उघड करावा लागत नाही. लायब्ररी भक्कम आहे, यात वाद नाही. पण सगळीकडे चालण्याची हमी तिची असते. आपण तिच्यावर रचलेल्या कोडची नसते.

पहिला दणका फाइलींच्या नावांनी दिला. कोडमध्ये नाव स्मॉल अक्षरात, प्रत्यक्ष फाइलीचं पहिलं अक्षर कॅपिटल. विंडोजला हा फरक चालतो, अँड्रॉइडला चालत नाही; बरीच चित्रं गायब! शिवाय तिथं चित्रं आणि आवाज एपीकेच्या पोटात असतात. सीमधलं नेहमीचं 'एफओपन' तिथवर पोचत नाही, एसडीएलची स्वतःची फाइल-फंक्शन्स पोचतात. तीच वापरा. स्कोअर कुठं साठवायचा तेही एसडीएललाच विचारा. पाथ कोडमध्ये ठोकून देऊ नका.

दुसरी गोष्ट वेगाची. गेममधले फुगे दर फ्रेमला ठरावीक पिक्सेल वर सरकत. साठ हर्ट्झच्या मॉनिटरवर ते शोभून दिसे. एकशेवीस हर्ट्झच्या फोनवर तेच फुगे दुप्पट वेगानं पळाले, मुलाचं बोट पोचायच्या आत पडद्याबाहेर. हालचाल फ्रेमवर नव्हे, दोन फ्रेममधल्या वेळेवर बांधा.

सगळ्यात जास्त घाम मराठीनं काढला. फोनवर 'स्थिती'तली पहिली वेलांटी 'थ'च्या मागे जाऊन बसली, जोडाक्षरं पाय मोडून सुटी झाली. एसडीएल स्वतः फॉन्ट वापरून मजकूर काढत नाही. ते काम एसडीएल-टीटीएफ ही जोडीची लायब्ररी करते, आणि देवनागरीची जुळणी करायला तिला हार्फबझची साथ लागते. विंडोजच्या बिल्डमध्ये हार्फबझ होतं, अँड्रॉइडच्या बिल्डमध्ये कुणी घातलंच नव्हतं. मराठी, हिंदी किंवा कोकणीत काही करणार असाल, तर हे आधी तपासा.

आता आवृत्तीबद्दल. दुसरी आवृत्ती २०१३ ची, तिसरी जानेवारी २०२५ मध्ये स्थिर झाली. शिकवण्या मात्र अजून बऱ्याचशा दुसरीच्याच सापडतात. दुसरीत सुरुवातीचं 'इनिट' यशस्वी झालं की शून्य मिळे. तिसरीत यश म्हणजे 'ट्रू'. जुना कोड तसाच उचललात, तर निकाल 'शून्याहून कमी' आहे का हे पाहणारी तपासणी कधीच लागू होणार नाही आणि चूक गुपचूप पुढे सरकेल. कुठल्या आवृत्तीवर काम करायचं ते ठरवा, आणि उदाहरणंही त्याच आवृत्तीची घ्या.

थोडक्यात, नवं काम हाती घेतलंत की पहिल्याच दिवशी एक चित्र, एक आवाज, एक सरकणारा चौकोन आणि 'विद्यार्थ्यांना' हा शब्द, एवढाच प्रोग्राम करा. तो ज्या ज्या यंत्रावर गेम जाणार आहे तिथं चालवून बघा, त्यातही सगळ्यात स्वस्त फोनवर आधी. मगच पुढचा कोड लिहा आणि मगच गिऱ्हाइकाला तारीख द्या.