मंद संगणक : निदान आणि उपाय

घरचा संगणक मंद झाला की पहिला विचार मनात येतो तो नवा घेण्याचा. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतील सामान्य विद्यार्थ्याच्या घरी मात्र संगणक ही वारंवार घेण्याची वस्तू नव्हे. बहुधा तो थोरल्या भावंडासाठी घेतलेला असतो आणि धाकट्याचे शिक्षण होईपर्यंत चालवावा लागतो. म्हणून यंत्र खरोखरच निकामी झाले आहे की त्याच्या एखाद्याच भागाने गती अडवून धरली आहे, हे ठरविणे हा केवळ यंत्रशास्त्राचा नव्हे, तर घरखर्चाचाही प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

१. आधी निदान

बीदरजवळ नौबाद येथील बहमनीकालीन सुरंग बावी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. जमिनीखालून पाणी नेणाऱ्या या करेजला अंतराअंतरावर उभी विवरे ठेवलेली आहेत. ओघ कमी झाला की विवरातून उतरून गाळ कोठे साचला आहे ते पाहता येते आणि तेवढाच गाळ उपसता येतो. नवा बोगदा खणावा लागत नाही.

संगणकातही असे विवर आहे. विंडोज प्रणालीत कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, स्मृती म्हणजे रॅम, आणि डिस्क यांपैकी कोणावर किती टक्के भार आहे ते दिसते. काम अडखळत असताना ज्याचा आकडा सतत शंभराजवळ राहतो, तेथे अडथळा आहे असे समजावे. तिन्ही आकडे कमी असून केवळ संकेतस्थळेच उशिरा उघडत असतील, तर दोष बहुधा इंटरनेटच्या जोडणीत असतो, यंत्रात नव्हे.

या शोधाचे महत्त्व जीन ॲमडाल यांच्या १९६७ सालच्या विवेचनावरून रूढ झालेल्या नियमाने स्पष्ट होते. एखाद्या भागाची गती वाढवून किती लाभ होईल, हे एकूण वेळेत त्या भागाचा वाटा किती यावर अवलंबून असते. समजा, एका कामास १०० सेकंद लागतात. त्यांपैकी ३० प्रोसेसरचे व ७० डिस्कचे आहेत. प्रोसेसर दुप्पट वेगवान केला तर काम ८५ सेकंदांत होईल. डिस्क दहापट वेगवान केली तर ते ३७ सेकंदांत होईल. चुकीच्या जागी केलेला खर्च वाया कसा जातो, हे या साध्या हिशेबावरून ध्यानात येईल.

२. डिस्क

जुन्या घरगुती यंत्रांत अडथळा बहुधा येथेच सापडतो. त्यांतील फिरती हार्ड डिस्क पुष्कळदा मिनिटाला ५,४०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचकशीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जातात. शीर्ष योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी दहाएक मिलिसेकंद धरले, तर एका वाचनास सुमारे १५ मिलिसेकंद होतात. यंत्र सुरू होताना विखुरलेली ६,००० वाचने करावी लागली असे मानल्यास त्यांतच दीड मिनिट जाते.

एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. तिला एका वाचनास सुमारे ०.१ मिलिसेकंद पुरतो. तीच ६,००० वाचने एका सेकंदाच्या आत उरकतात. प्रत्यक्षात इतर कामेही असल्याने फरक इतका टोकाचा दिसत नाही. तरीही जुन्या यंत्रास नवी चाल देणारा याहून परिणामकारक बदल सहसा दुसरा नाही. बदलापूर्वी आपल्या सर्व फाइलींची नक्कल अन्यत्र काढून ठेवावी.

हार्ड डिस्क ठेवावयाचीच असेल, तर दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवावी व अधूनमधून डीफ्रॅगमेंट करावे. एसएसडीला मात्र डीफ्रॅगमेंटची आवश्यकता नाही.

३. स्मृती

स्मृती म्हणजे अभ्यासाचे टेबल आणि डिस्क म्हणजे ग्रंथालयाचे कपाट. टेबल भरले की एक पुस्तक कपाटात ठेवल्याशिवाय दुसरे आणता येत नाही. स्मृतीतून वाचण्यास सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या डिस्कला त्याच्या दीड लाख पट वेळ लागतो. टेबलावरचे पुस्तक उचलण्यास एक सेकंद लागला असे मानले, तर कपाटातले आणण्यास जवळजवळ ४२ तास! यंत्र काम सोडून ही ने-आणच करीत बसते, या अवस्थेस थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली तिची कारणमीमांसा केली.

यावरचा बिनखर्ची उपाय म्हणजे टेबल आवरणे. ब्राउझरमधील अनावश्यक टॅब बंद करावेत. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप विभागात जाऊन, यंत्राबरोबर आपोआप सुरू होणारे अनावश्यक कार्यक्रम थांबवावेत. एवढ्याने भागले नाही, तर रॅम ४ जीबीवरून ८ जीबी करावी. तत्पूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : आपल्या यंत्रास डीडीआर३ चालते की डीडीआर४, आणि प्रणाली ६४ बिटची आहे ना. घरगुती विंडोजच्या ३२ बिट प्रणालीला ४ जीबीपलीकडची रॅम वापरताच येत नाही.

४. उष्णता व धूळ

कलबुर्गीचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो आणि धूळ तर आपल्याकडे बारमाही. पंख्यात धूळ बसली की उष्णता बाहेर पडत नाही आणि प्रोसेसर जळू नये म्हणून आपली गती आपणच कमी करतो. यंत्र सकाळी ठीक आणि दुपारी मंद असेल, तर प्रथम हा संशय घ्यावा. वीजजोडणी काढून, पंखा फिरू न देता, धूळ हलक्या हाताने उडवावी. लॅपटॉप गादीवर ठेवू नये.

५. प्रणाली

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालू स्थितीतील कित्येक यंत्रे त्या पंक्तीत बसत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती बसविता येते. ती विनामूल्य असून २ जीबी रॅमवरही चालू शकते, मात्र ४ जीबी असणे बरे. तीत मराठी व कन्नड दोन्ही लिहिता येतात. महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमातील एखादा कार्यक्रम केवळ विंडोजवरच चालतो काय, हे आधी विचारून घ्यावे.

‘एका कळीत गती वाढवा’ असे सांगणाऱ्या कार्यक्रमांपासून दूर राहावे. ते स्वतःच स्मृती अडवितात आणि काही वेळा विषाणूही सोबत आणतात. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस ठेवल्यानेही गती वाढत नाही, घटते.

सारांश, आधी आकडे पाहावेत, मग बिनखर्ची सफाई करावी, त्यानंतर एसएसडी वा रॅम यांपैकी अडलेला भाग बदलावा आणि नव्या यंत्राचा विचार सर्वांत शेवटी करावा. दुरुस्तीसाठी यंत्र बीदर, उदगीर किंवा कलबुर्गीला नेतानाही टास्क मॅनेजरमधील आकडे कागदावर टिपून न्यावेत. आपल्या यंत्राचे दुखणे ज्याला सांगता येते, त्याला नको तो भाग विकणे दुकानदारासही कठीण जाते.