सोलोनचे कायदे आणि तुमच्या दुकानातले नियम



या आठवड्याच्या व्हिडिओमध्ये सोलोनचं नाव घेतलं, पण वेळेअभावी गोष्ट अर्धीच राहिली. ती इथे पूर्ण करूया.

इसवी सन पूर्व 594. ग्रीसमधलं अथेन्स. गरीब शेतकरी कर्जात बुडालेले. तारण काय, तर स्वतःचं शरीर! कर्ज फिटलं नाही तर सावकार माणसाला गुलाम म्हणून विकू शकत होता. शहरात यादवी पेटायची वेळ आली, तेव्हा दोन्ही बाजूंनी सोलोनला मध्यस्थ मानलं आणि कायदे करायचा अधिकार दिला. तो घरंदाज, पण तरुणपणी व्यापार केलेला माणूस. म्हणजे आपल्यातलाच म्हणा ना!

धडा 1: नियम आधी स्वतःला

सोलोनने अशी कर्जं रद्द केली आणि माणूस तारण ठेवायला कायमची बंदी घातली. इथे प्लुटार्क एक किस्सा सांगतो. सोलोनच्या मित्रांना हा बेत आधीच कळला होता. त्यांनी भरपूर कर्ज काढून जमिनी घेतल्या आणि कायदा येताच हात वर केले. साहजिकच लोकांना सोलोनचाच संशय आला. तो वाचला कशामुळे? त्याचे स्वतःचे पाच टॅलेंट, म्हणजे मोठी रक्कम, लोकांकडे येणं होतं. आपल्याच कायद्यानुसार ते त्याने सर्वात आधी सोडून दिलं.

आता तुमच्या उधारीच्या वहीकडे बघा. गिऱ्हाईकाला आठ दिवसांची मुदत आणि मेव्हण्याला सहा महिने? मग तो नियम नाही, तुमची मर्जी आहे. आणि हे गिऱ्हाईकाला बरोबर कळतं.

धडा 2: नियम दिसला पाहिजे

सोलोनचे कायदे फिरत्या लाकडी फळ्यांवर लिहून लोकांसमोर ठेवले होते. शिवाय अन्याय झालेल्याच्या वतीने कोणताही नागरिक दाद मागू शकत होता. मालकाच्या डोक्यात असलेला नियम भांडणाच्या वेळीच बाहेर येतो, आणि तेव्हा तो कुणालाच पटत नाही.

धडा 3: शिकणं थांबवू नका

कायदे झाले, पण खूश कुणीच नव्हतं. श्रीमंतांचे पैसे गेले, गरिबांना हवं होतं ते जमिनीचं फेरवाटप झालं नाही. रोज कुणी ना कुणी दारात: हे बदला, ते काढा. शेवटी सोलोन दहा वर्षांसाठी अथेन्स सोडून निघाला. इजिप्तला गेला, तिथल्या पुजाऱ्यांकडून शिकला. म्हातारपणीही आपण रोज नवीन काहीतरी शिकतोय, असं त्याने स्वतःच्या कवितेत लिहून ठेवलंय. अख्ख्या शहराला कायदे देणारा माणूस हा! आणि आपण दुकानाला दहा वर्षं झाली की म्हणतो, "मला सगळं माहीत आहे."

गृहपाठ

रविवारपर्यंत एका कागदावर तीन नियम लिहा: उधारीची मुदत, माल परत घेण्याची अट, कामगारांची सुट्टी. प्रत्येकापुढे स्वतःला विचारा, "हा माझ्या घरच्यांनाही लागू आहे का?" उत्तर 'नाही' असेल, तर आधी तो नियम दुरुस्त करा. मगच कागद काउंटरवर लावा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!