नाव तुझं, तर कामही तूच बघ

अगं, पुढच्या महापालिका निवडणुकीत महिलांची जागा निघाली तर घरचे तुझं नाव पुढं करणार आणि ‘बाकी सगळं हे बघतील’, असं म्हणालीस ना, ते काही डोक्यातून जात नाहीये. उभी राहा, जरूर राहा. पण ते ‘बाकी सगळं’ कुणाच्या हाती देऊ नकोस.

आपला 38 नंबरचा प्रभाग, बालाजीनगर-आंबेगाव-कात्रज, पुण्यातला एकटाच पाच नगरसेवकांचा. शहरात 165 जागा, त्यातल्या 83 बायकांच्या. हे सहज मिळालेलं नाही. 1990 मध्ये राज्यानं 30 टक्के आरक्षण दिलं, 74व्या घटनादुरुस्तीनं ते एक तृतीयांश झालं, 2011 मध्ये निम्मं. जिथं आरक्षण नव्हतं, त्या विधानसभेत 2024 ला 288 पैकी बायका निवडून आल्या 21. पक्ष आपणहून बायकांना किती पुढं आणतात ते यातच बघ.

आणि मिळालेली खुर्चीही सांभाळावी लागते गं. एका बैठकीत पाहिलंय मी: पाटीवर नाव बाईंचं, बोलतायत मिस्टर, आणि अधिकारी फाईलसुद्धा त्यांच्याचपुढं सरकवतोय. बाई चहाचं बघत होत्या. फार जीव तुटला. उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात मालमत्ता, कर्ज, खटले सगळं लिहून सही तू करणार. त्यात काही खोटं निघालं तर जाब तुलाच विचारतील. म्हणून ओळ न् ओळ वाचल्याशिवाय सही करायची नाही.

जागा ओबीसी महिलेची निघाली तर दाखला माहेरच्या जातीचा लागतो, सासरचा चालत नाही. तुझ्या वडिलांचा, आप्पांचा, शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच शोधून ठेव, पडताळणीला वेळ लागतो.

शिवाय आरक्षणाची सोडत दर निवडणुकीला नव्यानं निघते, तिच्या भरवशावर बसू नकोस. सर्वसाधारण जागेवरही बाईला उभं राहता येतं. हे आपल्याला कुणी आवर्जून सांगत नाही.

मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेवर प्रशासक होता, विचारायला नगरसेवकच नव्हता. तेव्हा कात्रज-कोंढवा रस्त्याची, पाण्याची गाऱ्हाणी घेऊन बायकाच क्षेत्रीय कार्यालयाच्या पायऱ्या चढत होत्या. तूही तिथूनच सुरू कर. अंदाजपत्रकासाठी महापालिका 2006 पासून नागरिकांकडून कामं मागवते. यंदा धनकवडी-सहकारनगर कार्यालयातून तो अर्ज आण आणि तुझ्या गल्लीचं एक काम स्वतःच्या नावानं लिही. पुढं त्याचं काय झालं हे विचारायलाही तूच जा, भावजींना पाठवू नकोस. पहिल्यांदा मी येईन सोबत.