वाळवंटात निघताना पावसाला विचारा

दक्षिण युटातल्या ब्राइस कॅन्यनहून ॲरिझोनातल्या पेज गावाला जायचं तर नकाशावर दोन वाटा दिसतात. एक पश्चिमेला वळसा घालून कनाबवरून जाणारा पक्का महामार्ग. दुसरी कॉटनवुड कॅन्यनची, 46 मैलांची कच्ची वाट. पांढऱ्या-तांबड्या खडकांच्या उभ्या भिंतींना लागून ती जाते, ग्रोव्हनर आर्च ही दुहेरी कमानही तिच्यावरच लागते. पुण्याहून आई-बाबा ऑगस्टात आले होते, त्यांना हे सगळं दाखवायचं होतं. मुक्कामाच्या ठिकाणी चौकशी केली. रस्ता कोरडा ठणठणीत आहे, कालच गाड्या गेल्या, असं सांगितलं. ते खरंही होतं, म्हणून कच्च्या वाटेनेच निघालो.

दुपारी पश्चिमेकडे ढग भरून आले. आमच्या डोक्यावर जेमतेम एक सर पडली, पण तेवढी पुरली. तिथली माती बेंटोनाइटची. भिजली की ओल्या साबणासारखी निसरडी होते. टायरच्या खाचा चिखलाने बुजल्या आणि ब्रेक दाबूनही गाडी उताराकडे सरकत राहिली. अशा वेळी फोर-व्हील-ड्राइव्हचाही भरवसा नसतो, कारण टायरला धरायला खाली काही उरतच नाही. आमच्याकडे पुन्हा ऊन पडल्यावर पुढच्या कोरड्या ओढ्यातून तांबडं पाणी धावू लागलं. फोनला रेंज नव्हती. रात्र गाडीतच काढली. पाणी भरपूर होतं, आईच्या दशम्या होत्या, बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या डिकीतल्या बॅगेत नव्हे तर हाताशी होत्या, आणि पाऊस पडून गेल्यावरच्या गारठ्यात पांघरायला शाली होत्या. दुसऱ्या दिवशी माती सुकली, तेव्हा एका पिकअपवाल्याने दोर लावून गाडी ओढून काढली.

तहानेची तयारी सगळे करतात, करावीच. पण जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत या भागात दुपारच्या वादळांचा मोसम असतो, आणि धोका तुमच्या डोक्यावरच्या आभाळात दिसेलच असं नाही. 12 ऑगस्ट 1997 रोजी पेजजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये 11 पर्यटक पुरात दगावले. पाऊस झाला होता तो कित्येक मैल वरच्या अंगाला. त्यामुळे ‘रस्ता कसा आहे?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘आज वर कुठे पाऊस आहे?’ हे विचारा. कॅननव्हिल, एस्कलांटे, कनाब इथे सरकारी माहिती केंद्रं आहेत. तिथली माणसं गाडी कोणती आहे हे विचारून मगच सल्ला देतात. अमेरिकेचं हवामान खातं दक्षिण युटातल्या राष्ट्रीय उद्यानांसाठी अचानक येणाऱ्या पुराचा अंदाज रोज देतं, तोही सकाळीच पाहा. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी वाहून जाऊ शकते, तेव्हा रस्त्यावर पाणी दिसलं की थांबायचं. हे पूर बरेचदा काही तासांत ओसरतात. ॲरिझोनात तर अडथळे ओलांडून पुरात शिरलात आणि सुटका करावी लागली, तर तिचा खर्च तुमच्याकडून वसूल करता येतो.

भाड्याच्या गाडीचा करार वाचून घ्या. बऱ्याच करारांत कच्च्या रस्त्याला मनाई असते आणि तिथून गाडी ओढून आणण्याचा खर्च विम्यात धरलेला नसतो. पेट्रोल अर्ध्यावर आलं की पुढचा पंप लांब आहे असंच समजा. हँक्सव्हिल ते ब्लँडिंग या हायवे 95 वर सव्वाशे मैलांच्या आसपास भरवशाचा पंप नाही. उपग्रहामार्फत मदत मागता येईल असा फोन असेल तर ती सोय घरूनच वापरून पाहा. शिवाय घड्याळ! उन्हाळ्यात युटा एक तास पुढे, ॲरिझोना मागे, आणि ॲरिझोनातलाच नावाहो प्रदेश पुन्हा पुढे. फोन मधेच उडी मारतो. बुकिंग करताना वेळ कुठली, हे विचारून लिहून ठेवा.

कॉटनवुडची वाट टाळाच असं मात्र मी म्हणणार नाही, इतकी ती सुंदर आहे. वयस्कर माणसं बरोबर असतील तर कोरड्या हवेत, शक्यतो ऑक्टोबरात, सकाळी लवकर कॅननव्हिलकडून ग्रोव्हनर आर्चपर्यंतच जा, आणि आल्या वाटेने परत फिरून पेजला पक्क्या रस्त्याने जा.