स्ट्रिपवरची लाल रेघ

पुण्यातल्या एका पेठेतल्या मेडिकलमध्ये मी फार्मासिस्ट म्हणून बसते. काउंटरपलीकडून सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "ताई, जरा स्ट्राँग द्या." हे स्ट्राँग म्हणजे अँटिबायोटिक. इतक्या वर्षांत या गोळ्यांविषयी जे पक्कं पटलंय, ते सांगते.

१. गोळी तापावर नसते, जिवाणूवर असते

हे एक समजलं की बाकीचं आपोआप उमगतं. जिवाणूच्या पेशीभोवती एक कडक भिंत असते. माणसाच्या पेशीला अशी भिंत नसते. पेनिसिलिन आणि त्याच्या गोतावळ्यातली अमॉक्सिसिलिन, सेफिक्सीमसारखी औषधं ही भिंत बांधणाऱ्या गवंड्याचा हातच धरतात. भिंत कच्ची राहते आणि जिवाणू फुटतो. अझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन जिवाणूच्या आत प्रथिनं तयार होण्याचं काम थांबवतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन त्याच्या डीएनएचा पीळ सोडवणारं विकर अडवतं, त्यामुळे त्याची वाढ खुंटते.

विषाणूकडे यातलं काहीच नसतं. ना भिंत, ना प्रथिनं बनवण्याची स्वतःची यंत्रणा. मग गोळीने मारायचं तरी काय? पावसाळ्यात पुण्यात डेंग्यू, चिकनगुनिया, फ्लू यांचे रुग्ण घरोघरी असतात आणि या तिन्हींवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही. त्याच दिवसांत लेप्टोस्पायरोसिस होतो, त्यावर डॉक्सिसायक्लिन चालतं. टायफॉइडही होतो, त्यालाही अँटिबायोटिक लागतंच. पहिल्या दोन दिवसांत हे सगळे ताप सारखेच दिसतात. म्हणून डॉक्टर रक्त तपासायला सांगतात तेव्हा "उगाच खर्च" म्हणू नका. कल्चर सांगितलं असेल, तर त्याचं रक्त पहिली गोळी घेण्याआधी द्या. नंतर जिवाणू सापडणं अवघड जातं.

२. हे औषध नव्हतं तेव्हाचं पुणं आठवावं

1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि 10 मार्चला त्या गेल्या. त्या प्लेगचा जिवाणू आज स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन यांनी मारता येतो, उपचार वेळेत सुरू झाले तर. तेव्हा गाव सोडून माळावर राहायला जाणं हाच लोकांचा उपाय होता.

पुढे याच परिसरात, पिंपरीला, 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. 1955 मध्ये तिथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. आमच्याकडे सगळे तिला नुसतं 'एचए' म्हणतात. माझे वडील तिथंच कामाला होते. पेनिसिलिनची बुरशी मोठमोठ्या टाक्यांमध्ये वाढवतात, तिला हवा आणि तापमान नेमकं लागतं, आणि एखादा परका जंतू शिरला तर अख्खी टाकी वाया जाते, हे मी त्यांच्याकडून लहानपणीच ऐकलं. एवढ्या निगुतीनं तयार होणारी वस्तू कुणी सर्दीसाठी मागितली की मला वाईट वाटतं, ते त्यामुळेच.

३. जिवाणू मेला म्हणजे आजार संपलाच, असं नाही

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड, किरकटवाडी, धायरीकडे, गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागोमाग सापडू लागले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू मिळाला आणि संशय पाण्यावर गेला. दुकानात लोक विचारू लागले, "यावर आधीच एखादी अँटिबायोटिक घेऊन ठेवू का?" नाही. कॅम्पिलोबॅक्टरवर अझिथ्रोमायसिन काम करतं, पण गियाँ-बारेमध्ये आपली स्वतःची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटलेली असते. तिथं इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं हे उपचार लागतात. तेव्हा मी प्रत्येकाला एकच सांगत होते: पाणी उकळून प्या, चिकन नीट शिजवा, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा वाटला तर थेट हॉस्पिटल गाठा.

४. "गोळ्या उष्ण पडल्या" असं म्हणून सोडून देऊ नये

आपल्या आतड्यात उपयोगी जिवाणूही असतात. गोळी त्यांनाही मारते. म्हणून जुलाब होतात. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाच्या गोळीने तर बऱ्याच जणांना होतात; ती जेवणाबरोबर घ्यावी. जुलाब पाण्यासारखे, वारंवार होत असतील किंवा रक्त पडत असेल तर डॉक्टरांना कळवायचं, स्वतःहून जुलाब थांबवायची गोळी घ्यायची नाही.

तोंड येतं, जिभेवर पांढरा थर येतो, बायकांना अंगावरून पांढरं जाणं आणि खाज सुरू होते. चांगले जिवाणू कमी झाले की कँडिडा ही बुरशी फोफावते, त्याचा हा परिणाम. बायका हे काउंटरवर सांगायला संकोचतात. सांगा, उपाय सोपा आहे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला एचएच्याच प्रयोगशाळेत थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बुरशीवर चालणारं हॅमायसिन शोधलं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं, त्याचं नाव पिंपरीवरून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असं ठेवलं गेलं. मला त्याचा अजूनही अभिमान वाटतो.

खरा धोका अ‍ॅलर्जीचा. गोळी घेतल्यावर अंगावर पित्त उठलं, ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला, तर एक मिनिट न दवडता हॉस्पिटल. कोणत्या औषधाने असं झालं ते चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी आयुष्यभर जवळ बाळगा. लेव्होफ्लॉक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन चालू असताना टाचेमागची शीर दुखू लागली तरीही गोळी थांबवून डॉक्टरांना विचारा.

५. कशाबरोबर घेता, हे विचारून घ्या

सिप्रो आणि डॉक्सी दुधाबरोबर, अँटासिडबरोबर, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नयेत. औषध पोटातच अडकतं. डॉक्सी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते.

६. कोर्स डॉक्टरांचा, आपला नाही

बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी सोडणं चूक, आणि भीतीपोटी स्वतःहून लांबवणंही चूक. काही आजारांना आता थोडे दिवस पुरतात. नेहमीच्या क्षयरोगाला मात्र किमान सहा महिन्यांचे उपचार प्रचलित आहेत. उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून पुढच्या वेळी शेजारच्या काकूंना देणं हे पुण्यात सर्रास चालतं. ते बंद व्हायला हवं.

७. एकाची गोळी सगळ्यांना भोवते

गोळी शरीरात शिरली की कमजोर जिवाणू मरतात, टिकणारे उरतात आणि त्यांची जनुकं इतरांकडे जातात. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुठा नदीच्या गाळाची तपासणी झाली. शहरातल्या गाळात, शेवटचा उपाय म्हणून राखलेल्या अँटिबायोटिकनाही न जुमानणारी जनुकं सापडली. शहराच्या वरच्या अंगाला ती फारच कमी होती. म्हणजे हे आपल्याच घरांच्या आणि दवाखान्यांच्या सांडपाण्यातून आलेलं.

1 मार्च 2014 पासून सेफिक्सीम, लेव्होफ्लॉक्सॅसिनसारखी औषधं एच-वन यादीत आहेत. ती देताना डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे वहीत लिहावं लागतं; वही तीन वर्षं ठेवावी लागते. स्ट्रिपच्या कडेला उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय मागू नका. आम्ही नाही म्हटलं तर पुढच्या दुकानात जाऊ नका. डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिली तर त्यांना एवढंच विचारा, "ही नेमकी कोणत्या जंतूसाठी?"