नववी 'ब'ने घेतलेला माझा तास

१. 'काही नाही' हेही उत्तर असतं. जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्यं फळ्यावर लिहून मी विचारलं, "आत्ता काय वाटतंय?" अख्ख्या वर्गाची उत्तरं तीनच: बोअर, टेन्शन, काही नाही. मनातल्या मनात मुलांच्या भाषेला नावं ठेवली. मग आपल्या घरातलेच शब्द मांडले: हिरमुसणं, खट्टू होणं, हुरहूर, धुसफूस, ओशाळणं. शेवटच्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हे तर मला रोज होतं. याला नाव आहे होय?" मी मराठीची शिक्षिका. बावीस वर्षं हे शब्द अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा, यापुरतेच वापरत आले.

२. समानुभूतीला गुण देता येत नाहीत. मी दिले. (कार्यपत्रिका दिसली की लाल पेनाला हात जातोच.) जिला दहापैकी चार दिले, ती पाय मोडलेल्या मैत्रिणीचं दप्तर महिनाभर दोन जिने चढवत होती. दहापैकी दहावाल्याचं अक्षर सुंदर होतं.

३. वर्गातल्या प्रश्नपेटीत आपल्याबद्दलही चिठ्ठ्या येतात. पाळी, प्रेम, घरची भांडणं, हे येणार ठाऊक होतं. एक चिठ्ठी मात्र अशी: 'तुम्ही आम्हाला सॉरी म्हणायला लावता, स्वतः का म्हणत नाही?' निबंधवही दिली नाहीस म्हणून एकाला वर्गाबाहेर उभं केलं होतं. वही नंतर माझ्याच गठ्ठ्यात निघाली आणि मी गप्प बसले. चिठ्ठी दोन दिवस पर्समध्ये फिरली. तिसऱ्या दिवशी वर्गासमोर सॉरी म्हणताना घसा कोरडा पडला. तो एवढंच म्हणाला, "चालतंय मॅडम."

४. रागाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, असं प्रशिक्षणात ऐकलं. मुलांना सवलत मिळाली. माझी पन्नाशी उलटली, खडू अजून भिरकावते.

५. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नये. मी दिलं होतं. पुढे एका मुलीने जे सांगितलं, ते ऐकून रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी तिला सांगूनच वचन मोडलं, समुपदेशकांना आणि तिच्या आईला बोलावलं. मुलगी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. आता शाळेत येते, हसते, कधी रुसते. प्रश्नपेटीच्या झाकणावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक चिकटवलाय: १४४१६. मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.