दात पांढरे करण्याआधी तोंड तपासून घ्या

पेरॉक्साइडने दात पांढरे होतात. हे मी स्वतःच्या तोंडात पाहिले आहे, त्यामुळे ही उपचारपद्धती फसवी आहे असे मी म्हणणार नाही. पण याच पेरॉक्साइडने मला पहिल्या वेळी असह्य कळा दिल्या आणि दुसऱ्या वेळी, काही महिन्यांनी, अगदी अलगद काम केले. पहिल्या वेळी जेल लावण्याआधी कोणी माझे तोंड तपासले नव्हते. दुसऱ्या वेळी तपासले होते. घरात लग्नकार्य निघाले की आजकाल मेंदी आणि फेशियलच्या यादीत ‘टीथ व्हाइटनिंग’ही येते. म्हणून हा अनुभव लिहावासा वाटला.

काय घडले

पुतण्याचे लग्न ठरले होते. जिथे आम्ही सगळ्या जणी फेशियल करून घेत होतो, त्याच ठिकाणी दात पांढरे करून देण्याची सोय होती. तिथल्या मुलीने रंगांची पट्टी दातांशी धरून पाहिली, ओठ मागे ओढणारी प्लास्टिकची चौकट बसवली, जेल लावले आणि समोर निळा दिवा ठेवला. दात किडलेला आहे का, हिरड्यांतून रक्त येते का, कॅप बसवलेली आहे का, यांतले काहीही विचारले गेले नाही. मध्येच हिरड्यांची आग होऊ लागली. मी हात वर केला, तेव्हा ‘तेवढे होतेच’ असे उत्तर मिळाले.

आरशात दात खरोखर पांढरे दिसले. हिरड्यांच्या कडाही पांढऱ्या पडल्या होत्या. संध्याकाळी पाण्याचा घोट घेतला आणि एका दातातून कानशिलापर्यंत कळ गेली. रात्री नुसता श्वास तोंडाने घेतला तरी दात शिरशिरत होते आणि उजवीकडची एक दाढ ठणकत होती. पुढचे काही दिवस मी कोमट पाणी आणि मऊ भात यांवर काढले. लग्नाच्या फोटोंत वेगळीच गोष्ट दिसली. पटाशीच्या एका दातावर जुनी कॅप होती. आजूबाजूचे दात उजळले आणि ती तेवढी पिवळी राहिली. आधी ती कुणाच्या लक्षातही येत नसे.

दातांच्या डॉक्टरांना काय दिसले

डॉक्टरांनी दिवा लावून एकेक दात पाहिला, एक्स-रे काढला आणि आरसा माझ्या हातात दिला. ‘काकू, हे बघा,’ म्हणाल्या. वर्षानुवर्षे जोर लावून आडवा ब्रश फिरवल्यामुळे माझे बरेच दात हिरडीच्या कडेशी झिजले होते आणि हिरडी मागे सरकून मुळांचा भाग उघडा पडला होता. ठणकणाऱ्या दाढेतल्या जुन्या फिलिंगची कड सुटली होती. तीव्र जेल या दोन्ही जागांतून सरळ आत गेले होते.

त्यांनी समजावून सांगितले ते असे. पेरॉक्साइडचे रेणू अगदी लहान असतात. निरोगी दातातही ते इनॅमल आणि त्याखालचे डेंटिन ओलांडून काही मिनिटांत आतल्या नसेपर्यंत पोहोचतात. म्हणून चांगल्या दातांनाही थोडे दिवस शिरशिरी जाणवू शकते आणि उपचार थांबवला की ती बहुधा ओसरते. पण वाटेत कीड, भेग, सुटलेले फिलिंग किंवा उघडे मूळ असेल, तर नसेपर्यंत जाणाऱ्या रसायनाची मात्रा वाढते आणि नस सुजते. माझी नस वाचली. फिलिंग बदलले, पोटॅशियम नायट्रेट आणि फ्लोराइड असलेली पेस्ट लावायला दिली आणि दुखणे हळूहळू गेले. हिरड्यांवरचे पांढरे डाग म्हणजे रसायनाने भाजून झालेली वरवरची जखम होती. ती त्याआधीच भरून आली होती. दवाखान्यात तीव्र जेल वापरण्याआधी हिरड्यांवर एक संरक्षक थर लावून तो दिव्याने घट्ट करतात. मला तो लावलाच गेला नव्हता.

पेरॉक्साइड काम कसे करते

बाजारात दोन नावे दिसतात, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कार्बामाइड पेरॉक्साइड. दुसऱ्यापासून तोंडात पहिले तयार होते, सोबत युरिया सुटतो. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडमधून साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. त्यामुळे दोन डब्यांवरचे आकडे सरळ एकमेकांशी ताडू नयेत. आकड्याआधी रसायनाचे नाव वाचावे. दातात शिरलेले पेरॉक्साइड रंग देणाऱ्या मोठ्या रेणूंचे तुकडे करते. हे तुकडे प्रकाश कमी शोषतात आणि दात उजळ दिसतो.

घरी ट्रे लावून दात पांढरे करण्याची पद्धत योगायोगाने सापडली. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या आर्कान्सास राज्यातल्या एका दंतवैद्याने हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून रुग्णांना कार्बामाइड पेरॉक्साइड ट्रेमध्ये घालून लावायला दिले. हिरड्या बऱ्या झाल्या आणि दातही उजळल्याचे त्याच्या लक्षात आले. १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या दोन दंततज्ज्ञांनी रात्री ट्रे लावून दात पांढरे करण्याच्या पद्धतीवर लेख प्रसिद्ध केला आणि ती जगभर पोहोचली. तेव्हापासून आजपर्यंत १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड आणि मापाचा ट्रे हीच सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली पद्धत आहे.

परिणामाविषयी मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. घरी करायच्या पेरॉक्साइड उपचारांवरच्या ७१ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये घेतला. काही न लावण्यापेक्षा या उपचारांनी थोड्या काळात दात उजळतात असे त्यात दिसले, पण पुराव्याचा दर्जा कमी असल्याचेही त्यांनी स्पष्ट लिहिले. शिरशिरी आणि हिरड्यांची आग हे सर्वांत नेहमीचे त्रास, आणि जेल जितके तीव्र तितके ते जास्त.

आधी पिवळेपणाचे कारण शोधा

दात पिवळा का झाला हे कळल्याशिवाय उपचार ठरवता येत नाही.

चहा, कॉफी, पान, तंबाखू आणि मिशरी यांचे डाग बहुतांशी पृष्ठभागावर असतात. दातांवरचे कीटण काढून पॉलिश केले की त्यांतले पुष्कळसे निघून जातात. अनेकांना पुढे ब्लीचिंगची गरजच उरत नाही. मिशरी लावणाऱ्या किंवा तंबाखू खाणाऱ्या माणसाचे तोंड तर आधी डॉक्टरांनी पाहिलेच पाहिजे. गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला पांढरा वा लाल चट्टा असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, तर दातांच्या रंगापेक्षा त्याची तपासणी तातडीची आहे. ब्यूटी पार्लरमध्ये हा चट्टा कोणी शोधणार नाही.

वयानुसार इनॅमल झिजते आणि आतले पिवळसर डेंटिन जास्त दिसू लागते. या पिवळेपणावर पेरॉक्साइड सर्वांत चांगले काम करते. सुळे मुळातच शेजारच्या दातांपेक्षा गडद असतात. त्यांचा रंग म्हणजे आजार नव्हे.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणी असे पाणी पिणाऱ्यांच्या दातांवर पांढरे ठिपके किंवा तपकिरी पट्टे असतात. ब्लीचिंगमध्ये सुरुवातीला पांढरे ठिपके अधिकच उठून दिसू शकतात, हे आधी माहीत असलेले बरे. लहानपणी टेट्रासायक्लिन औषध घेतल्यामुळे आलेल्या करड्या पट्ट्यांना कित्येक महिने लागतात, आणि तरीही ते पूर्ण जातीलच असे नाही.

एकच दात काळवंडला असेल तर त्याची नस मेलेली असण्याची शक्यता असते. लहानपणी पडून मार लागलेल्या पुढच्या दाताचे असे होते. त्याला एक्स-रे, बहुधा रूट कॅनल आणि मग दाताच्या आतून वेगळ्या पद्धतीने पांढरे करणे लागते. अशा दाताला वरून कितीही जेल लावले तरी खरा आजार आत तसाच राहतो.

कोणता मार्ग निवडावा

दवाखान्यात साधारण २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. निकाल लगेच दिसतो, शिरशिरी जास्त होते. निळ्या दिव्यामुळे अंतिम रंगात फारसा टिकाऊ फरक पडत नाही, म्हणून केवळ दिव्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. शिवाय उपचाराच्या वेळी दात कोरडे पडतात आणि कोरडा दात जास्त पांढरा दिसतो. पुढच्या काही दिवसांत रंग थोडा खाली उतरतो. उपचार संपल्या संपल्या काढलेला फोटो हा खरा निकाल नव्हे.

घरच्या उपचारात डॉक्टर दातांचे माप घेऊन पातळ ट्रे बनवतात. त्यात थेंबभर जेल घालून तो रात्री लावायचा. दोन-तीन आठवडे लागतात, पण त्रास कमी होतो आणि दात शिरशिरले तर एक-दोन रात्री थांबता येते. मी दुसऱ्या वेळी हाच मार्ग घेतला. झिजलेल्या जागा आधी भरून घेतल्या, मग १० टक्के जेल सुरू केले. दात दोन-तीन छटांनी उजळले आणि त्या वेळी एकदाही औषध घ्यावे लागले नाही.

बाजारातले तयार, सर्वांना एकाच मापाचे ट्रे नीट बसत नाहीत. जेल बाहेर ओघळून हिरड्या भाजतात. लिंबू-मीठ घासणे त्याहून वाईट, कारण आम्लाने इनॅमल विरघळते आणि मिठाने ते खरवडले जाते. गेलेले इनॅमल परत उगवत नाही. कोळशाच्या पावडरीने दात आतून उजळतात याला भक्कम पुरावा नाही. घासून डाग निघतात तेवढेच, आणि त्याबरोबर दातही झिजू शकतो.

क्रम आणि पथ्य

कॅप, व्हिनियर आणि दाताच्या रंगाचे फिलिंग यांवर पेरॉक्साइडचा परिणाम होत नाही. पुढच्या दातांत यांपैकी काही असेल तर आधी दात उजळून घ्यावेत, रंग स्थिर होईपर्यंत सुमारे दोन आठवडे थांबावे आणि मग नव्या रंगाला जुळणारी कॅप किंवा फिलिंग करावे. हे थांबणे आणखी एका कारणाने गरजेचे आहे. दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे नवे फिलिंग नीट चिकटत नाही. माझी कॅपही शेवटी अशीच बदलली. हा खर्च आधीच विचारात घ्यावा.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हा उपचार पुढे ढकलावा. अठरा वर्षांखालच्या मुलांनी केवळ दिसण्यासाठी तो करू नये. उपचार चालू असताना तंबाखू आणि धूम्रपान बंद हवे. कार्य जवळ आले असेल तर घाई करू नका. तपासणी, सफाई, दुरुस्ती आणि मग ब्लीचिंग, यांसाठी किमान दोन महिने हाताशी ठेवा.

जेल लावण्याआधी हे विचारा

१. तोंड कोण तपासणार आणि त्यांची दंत परिषदेकडे नोंदणी आहे का? महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे होते.

२. माझे दात पिवळे होण्याचे कारण काय? नुसत्या सफाईने भागेल का?

३. कीड, भेग, सुटलेले फिलिंग, उघडे मूळ किंवा सुजलेली हिरडी आहे का? आधी त्यावर उपचार होईल ना?

४. कोणते पेरॉक्साइड, किती टक्के? डब्यावर नाव, प्रमाण आणि वापराची मुदत छापलेली आहे का?

५. हिरड्यांना संरक्षण कसे देणार?

६. कळ आली तर रात्री कोणाला फोन करायचा?

यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर टाळले गेले तर खुर्चीवरून उठावे. आणि उपचार चालू असताना आग किंवा कळ सुरू झाली तर तिथेच थांबवायला सांगावे.

युरोपीय संघाने या बाबतीत स्पष्ट नियम केला आहे. २०१२ पासून तिथे ०.१ टक्क्यापर्यंतच हायड्रोजन पेरॉक्साइड ग्राहकाला थेट विकता येते. त्याहून जास्त, ६ टक्क्यांपर्यंतचे जेल फक्त दंतवैद्यांना मिळते आणि प्रत्येक उपचारचक्रातला पहिला वापर त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या थेट देखरेखीखाली व्हावा लागतो. अठरा वर्षांखालच्यांना ते देता येत नाही. आपल्याकडे हे जेल ऑनलाइन घरपोच येते. म्हणून ही काळजी सध्या तरी आपली आपणच घ्यायची आहे.

उजळलेला रंग कायमचा नसतो. तो हळूहळू उतरतो आणि काही काळाने पुन्हा थोडा उपचार लागू शकतो. दुखरा दात कोणत्याही रंगाचा असला तरी जेवू देत नाही आणि झोपू देत नाही. म्हणून माझे एवढेच सांगणे आहे. दात पांढरे जरूर करा, पण दातांच्या डॉक्टरांनी तोंड तपासून ‘हरकत नाही’ म्हटल्यावरच.